काळा रुपया घासू नका

  लावणी उरकून जरा बसायला सवड मिळालीय, म्हणून आज घरातल्या डब्याविषयी बोलू. डबा म्हणजे कुठला, ते तुम्हाला ठाऊक आहे. देवघराच्या खालच्या खणात, नाहीतर ट्रंकेत जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवलेला. त्यात सासूबाईंनी नाहीतर आईने दिलेले राणीछाप, राजाछाप रुपये असतात. पाच असतात, दहा असतात, कुणाकडे माळच असते.

हा विषय घ्यायचं कारण आमच्याच गटात घडलं. ज्यांच्या बाबतीत घडलं त्या काकूंनी सांगितलं, "माझं नाव नका घेऊ, पण सांगा. दुसरीचं तरी वाचेल."

काकूंचं माहेर महाडचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांच्या भावाच्या घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना आईचा पितळी डबा सापडला. आत ४२ रुपये. आईने लेकीसाठीच ठेवलेले, म्हणून भावाने ते काकूंना दिले. गाळ चिकटलेला, नाणी काळी ठिक्कर. काकूंनी तो डबा तसाच ठेवून दिला. मग मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायची वेळ आली, तेव्हा डबा पुन्हा खाली निघाला.

काकूंचा भाचा पुण्याला नोकरीला आहे. त्याने नमुना म्हणून दोन नाणी नेली आणि बाकीच्यांचे मोबाइलवर फोटो काढून नेले. जुनी नाणी घेणाऱ्या एका जाणत्या माणसाने ती दोन काळी नाणी पाहिली आणि चांदीच्या वजनापेक्षा बरी किंमत देऊन ठेवून घेतली. फोटोतल्या एका नाण्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे नक्की आणा." ते १९११ चं होतं.

निरोप आल्यावर घरात आनंदीआनंद. आता एवढ्या मोठ्या माणसाकडे न्यायचे तर असे मळके कसे न्यायचे? चारचौघांत जाताना आपण लुगडंसुद्धा धुऊन नेसतो. मायलेकी रात्री बसल्या, चिंच भिजवली, तुसाची राख घेतली, काथ्या घेतला आणि ४० च्या ४० रुपये असे लखलखीत केले की आरशासारखे. काकू म्हणतात, "बाय, काय सांगू, इतके सुंदर दिसत होते!"

पुण्याच्या त्या माणसाने पिशवी उघडली आणि काही न बोलता परत बांधली. त्यांना त्यातलं एकही नको होतं, १९११ चंसुद्धा नाही. शेवटी ४० नाणी मोडीच्या भावाने, वजनावर गेली. फीला कमी पडलेले पैसे काकूंनी गटातून कर्जाने घेतले. दर महिन्याच्या बैठकीत तो हप्ता आमच्या वहीत लिहिला जातो. मुलगी शिकतेय, ते काही थांबलं नाही. पण एका रात्रीच्या मेहनतीने काय गेलं, ते आम्हाला तेव्हा कळलं.

चांदी काळी का पडते, इथून सुरुवात करू. आपल्याला वाटतं, काळं म्हणजे मळ, नाहीतर चांदीत खोट. दोन्ही चूक. हवेत गंधकाचा थोडा अंश असतो. चुलीच्या धुरात असतो, अंड्यात असतो, कांद्यात असतो, रबरात असतो, लोकरीतही असतो. तो चांदीला लागला की वर एक अतिशय पातळ थर धरतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, कधी निळी-जांभळी झाक मारणारा आणि शेवटी काळा. हा थर धुळीसारखा वर बसलेला नसतो. तो नाण्याच्याच वरच्या चांदीचा झालेला असतो. म्हणून तो काढायचा म्हणजे चांदीची साल काढायची. उलट तो जागेवर राहिला तर खालच्या चांदीला पांघरूण होतो. जुनी नाणी घेणारे लोक या रंगाकडे बघूनच ओळखतात की नाणं शंभर वर्षं कुणी छेडलेलं नाही.

आता राख. आपल्याकडे भाताच्या तुसाची राख भांड्यांना उत्तम, हे आपण सगळ्या जाणतो. ती उत्तम का? कारण तुसात वाळूचाच बारीक अंश भरपूर असतो आणि राखेत तोच उरतो. पितळी हंडा त्याने उजळतो, कारण हंडा जाड असतो आणि त्यावर वाचण्यासारखं काही नसतं. चांदी धातूंमध्ये मऊ. वाळूचा कण तिच्यापेक्षा कितीतरी कडक. एकदा काथ्या फिरवला की हजारो बारीक रेघा उमटतात. साध्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, दिसते फक्त चकाकी. पण घेणारा माणूस डोळ्याला भिंग लावतो आणि पहिल्या नजरेत त्याला त्या एका दिशेने गेलेल्या रेघा दिसतात. दात घासायची पेस्ट, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी, सगळ्यांचं काम तेच. गाळही तसाच. पुराचा गाळ म्हणजे बारीक वाळू. त्या काकूंच्या नाण्यांवर गाळ होता आणि वरून राख, म्हणजे दोन्हीकडून घासणी झाली.

दुसरी गोष्ट चकाकीची. टांकसाळीत ठसा जोरात दाबला जातो तेव्हा चांदी दाबाखाली बाहेरच्या बाजूला सरकते आणि नाण्यावर अतिसूक्ष्म लाटा राहतात. कमी वापरलेलं नाणं उजेडात तिरकं धरून फिरवा, चाकाच्या आऱ्यांसारखी चमक त्यावर गोल फिरते. ती या लाटांची. घासलेलं नाणंही चमकतं, पण सगळीकडून सारखं, स्टीलच्या वाटीसारखं. नाणं हलवलं तरी चमक हलत नाही. एकदा गेलेली ती फिरती चमक जगातला कुठलाही सोनार परत आणू शकत नाही.

चिंच, लिंबू, आमसुलाचं पाणी यांचं वेगळं. जुना रुपया शुद्ध चांदीचा नसतो. बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. आंबटाचा जोर आधी तांब्यावर चालतो, म्हणून वरचा भाग खरबरीत, निस्तेज होतो. १९४० नंतरच्या रुपयांत तर चांदी निम्मीच आहे. त्यांना आंबट लावलं तर कधी लालसर डाग उठतात आणि बाई घाबरून अजून घासते. बाजारात मिळणारं चांदी बुडवायचं औषध एका मिनिटात काळं घालवतं, पण त्याबरोबर वरचा थरही विरघळवून नेतं. अॅल्युमिनियमच्या कागदावर सोडा आणि गरम पाणी टाकायची युक्ती मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलीय. त्यात खरवडणं नाही हे खरं, पण नाणं पांढरंफटक दिसतं आणि जाणकाराला ते कळतं. पैंजण, जोडवी, निरांजन यांना खुशाल वापरा. नाण्याला नको.

आता मुद्दा असा की, एवढ्या बारकाव्याने फरक पडतो तरी कसा? इथे थोडा इतिहास सांगावा लागेल. आमच्यातल्या एकीने बीएला इतिहास घेतला होता, तो असा कामी आला.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात सगळीकडे एकाच वजनाचा रुपया चालू केला. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आपल्या आज्या 'रुपयाभार' म्हणायच्या तो हाच. मसाला, औषध, सगळं रुपयाने तोलायच्या. त्या वजनात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. म्हणजे तुमच्याकडे किती रुपये आहेत त्याला १०.७ ने गुणा आणि त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणा, की खालची किंमत निघाली. काकूंच्या ४० नाण्यांत ४२८ ग्रॅमच्या आसपास चांदी होती. झीज थोडी वजा जाते. मोड घेणारा 'काळी आहे, घट जास्त धरावी लागेल' म्हणाला तर ऐकू नका. त्या काळ्या थराचं वजन काट्यावर दिसतसुद्धा नाही.

ही झाली चांदीची किंमत. ती घासल्याने फारशी जात नाही. जाते ती नाण्याची किंमत, जी चांदीच्या वर असते. ती दोन गोष्टींवर ठरते: नाणं किती दुर्मीळ आहे आणि किती शाबूत आहे.

राणीछापांत बघा. १८७६ पर्यंतच्या रुपयांवर व्हिक्टोरिया 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. त्यातही १८६२ चा रुपया गमतीचा. ते साल घालून पुढे बरीच वर्षं रुपये पाडले गेले, आणि मुंबईच्या टांकसाळीने कोणता कधी पाडला ते कळावं म्हणून मागच्या बाजूला बारीक ठिपके टाकले. ठिपके किती आणि कुठे, यावर एकाच सालाच्या दोन रुपयांची किंमत वेगळी होते. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर खाली कमळाच्या फुलाशी एक बारीक उंचवट्याचा ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. मोहरीपेक्षाही लहान ठिपका तो. काथ्या पहिल्यांदा अशा उंच भागावरच चालतो.

आणि ते काकूंचं १९११ चं नाणं. पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया. राजाच्या झग्यावर एक छोटा हत्ती कोरलेला आहे. सोंड इतकी आखूड आली की लोकांना तो डुकरासारखा दिसला. राजाच्या अंगावर डुक्कर! लोकांच्या भावना दुखावल्या, ओरड झाली, टांकसाळीतले बहुतेक रुपये परत वितळवले गेले आणि १९१२ पासून हत्ती नीट सोंडेचा आला. म्हणून १९११ चा रुपया मागणीचा. तो घ्यायचाच मुळी त्या हत्तीसाठी, आणि काकूंच्या नाण्यावर राखेने हत्तीच पुसट झाला होता. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपयाही असाच फार थोडा सापडतो.

पण मैत्रिणींनो, उगाच आशा लावायची नाही. डब्यातले बहुतेक रुपये साधेच असतात. १९१८ चा रुपया घरोघरी सापडतो, कारण तो कोट्यवधींनी पाडला. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी कमी पडली होती की १९१७ मध्ये सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानसाठी चांदी विकली. तुमच्या आजीच्या माळेत कदाचित अमेरिकेचा डॉलरही असेल. असा झिजलेला, सगळीकडे मिळणारा रुपया घासला तर नुकसान थोडं. पण कुठला साधा आणि कुठला दुर्मीळ हे आपल्याला डब्यावरून कळत नाही, म्हणून कुठलाच घासायचा नाही. आणि १९४७ चा वाघाचा रुपया? तो निकेलचा. लोहचुंबक लावून बघा, चिकटेल. चांदी चिकटत नाही. आमच्या गटात तिघींकडे तो चांदी म्हणून जपून ठेवलेला निघाला. एक तर दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

परदेशात एनजीसी, पीसीजीएस अशा संस्था आहेत. त्या नाणं तपासून, दर्जा लिहून प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात. घासलेलं नाणं आलं तर त्याला नेहमीचा दर्जा देत नाहीत, 'साफ केलेलं' असं चिठ्ठीवरच छापतात. म्हणजे ते नाणं पुढे कुणाच्याही हातात गेलं तरी आपली चिंच त्याच्या सोबत जाते.

मग गाळ लागलेलं नाणं असंच ठेवायचं का? तसं नाही. सुटणारी माती काढता येते, घासायचं नाही एवढंच. डिस्टिल्ड पाणी आणा, गाडीच्या बॅटरीत भर घालायला गॅरेजवाले वापरतात ते. पाणीच मागा. बॅटरीचं आम्ल नव्हे, ते भलतंच घातक. प्लास्टिकच्या वाटीत एकेक नाणं वेगळं बुडवून ठेवा, एकावर एक नको. रोज पाणी बदला. चार दिवस, आठ दिवस, माती आपोआप सुटून तळाला बसते. बोटाने चोळू नका, ब्रश तर मऊसुद्धा नको. मग स्वच्छ पाण्यातून काढून सुती फडक्यावर ठेवा आणि वरून दुसऱ्या फडक्याने टिपा, बाळाचं अंग टिपतो तसं. त्यानंतरही जी माती सुटली नाही ती राहू द्या. घेणारा बघून घेईल. नाणं धरताना कडेला धरा, कारण बोटाच्या घामाचा ठसाही पुढे काळा उठतो.

आता देवाचं. हा प्रश्न गटात सगळ्यात जास्त चर्चेचा झाला. लक्ष्मीपूजनाला रुपया धुवायचा नाही, तर पूजा कशी? एक आजी म्हणाल्या, "काळी लक्ष्मी पुजू काय?" त्यांचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलं नाही. पण पंचामृतात दही असतं, ते आंबट. कुंकू-हळद ओली करून लावली की अक्षरांच्या खाचेत जाऊन बसते आणि ती काढायला आपण परत घासतो. तेव्हा आम्ही असं ठरवलं: अभिषेकाला सोनाराकडचं हल्लीचं लक्ष्मीचं नाणं घ्यायचं, त्याला हवं तेवढं उजळा. आजीचा रुपया विड्याच्या पानावर ठेवायचा, आणि हळदकुंकू रुपयाच्या बाजूला सुपारीवर वाहायचं. आजींनी आधी मान हलवली नाही. मग म्हणाल्या, "सासूने मला दिला तेव्हा काळाच होता." आणि पुढच्या दिवाळीला त्यांनी तसंच केलं.

माळेविषयीही विचारलं जातं. कडी डाखलेला किंवा भोक पाडलेला रुपया नाणं म्हणून जवळजवळ कुणी घेत नाही, त्याची चांदीचीच किंमत येते. म्हणून असलेली माळ मोडू नका, ती माळ म्हणून ठेवा, तिची शोभा आणि आठवण वेगळी. कडी काढून नाणं पूर्ववत होत नाही, डाग आणि खड्डा राहतोच. पण सुटे रुपये असतील तर लग्नासाठी म्हणून त्यांना नव्याने कडी लावू नका.

ठेवण्याचं आपल्याकडे जास्त अवघड. चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी. वर्तमानपत्राचा कागद नको, रबरबँड तर अजिबात नको. रबरात गंधक असतं, बरोबर बँडच्या जागी काळा पट्टा उठतो. फोटो ठेवायच्या मऊ, उग्र वासाच्या प्लास्टिकच्या पिशव्याही नकोत, काही वर्षांनी त्या चिकट होतात आणि नाण्यावर हिरवट डाग पाडतात. साध्या पांढऱ्या कोऱ्या कागदाची पाकिटं करा, एका पाकिटात एकच नाणं, वर पेन्सिलने साल लिहा. सगळी पाकिटं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि चपला-पर्सच्या खोक्यात दाण्यांची छोटी पुडी येते ना, तशा दोन पुड्या आत टाका, त्या ओल ओढतात. डबा चुलीपासून लांब.

विकायचेच असतील तर आधी दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि वजन लिहून ठेवा. किमान दोन ठिकाणी विचारा. एकाच दिवशी होकार देऊ नका, मग फीची तारीख कितीही जवळ असो. नाणं बघून शिकायचं असेल तर मुंबईला रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला १९८० मध्ये सुरू झालेली नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे.

दोन गोष्टी कायद्याच्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. आखातात असलेल्या मुलाबरोबर 'तिकडे भाव बरा मिळेल' म्हणून देऊ नका. दुसरं, घरात वारशाने आलेलं नाणं तुमचं, पण शेतात, पायवाटेवर, जुन्या जोत्याखाली मातीत पुरलेलं सापडलं तर वेगळं. १८७८ चा कायदा आजही लागू आहे, आणि अशा धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. आपण रायगडच्या पायथ्याची माणसं. नांगराच्या फाळाला तांब्याची शिवराई लागली अशा गोष्टी आपल्याकडे सगळ्यांनी ऐकल्यात. मुलं ती चिंचेत टाकतात आणि 'श्री राजा शिव' ही अक्षरं, जी साडेतीनशे वर्षं मातीत टिकली, ती एका दुपारीत झिजतात. सापडली तर माती लागलेली तशीच कागदात बांधा आणि तहसील कार्यालयात विचारा.

काकूंच्या डब्यात आता तीन रुपये आहेत. पुण्याला न दिलेले नव्हेत, सगळे ४० तर गेले. डब्याच्या तळाशी गाळाचा एक गोळा होता, तो त्यांनी टाकून दिला नव्हता. आठ दिवस पाण्यात ठेवल्यावर त्यातून तीन निघाले, काळे. दोन १९१८ चे. तिसऱ्याचं साल अजून गाळाखाली आहे, आणि काकू कुणालाही ते खरवडू देत नाहीत. रोज सकाळी वाटीतलं पाणी बदलतात.

दिवाळीआधीच्या बैठकीला ज्यांच्याकडे रुपये आहेत त्यांनी ते घेऊन या, आहेत तसे, काळे. ग्रॅमचा काटा आणि भिंग गटाने घेऊन ठेवलंय, लोहचुंबकही आहे. वहीत साल, वजन आणि ठिपका आहे की नाही, एवढं लिहून देऊ.